वेगळी चूल

आपल्याकडे मुलाला अक्षरओळख होण्याच्या आधीच एक गोष्ट शिकवली जाते, ती म्हणजे आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. पंगतीत पहिला घास उचलण्यापूर्वी शेजारचे पान वाढले गेले आहे की नाही ते पाहावे, बैठकीत जागा मोकळी असली तरी लोडाशी जाऊन बसू नये, आणि कोणी कौतुक केलेच तर ‘मोठ्यांची कृपा’ म्हणून मान खाली घालावी. ही शिकवण वाईट आहे असे कोण म्हणेल? गावातली माणसे एकमेकांना धरून राहतात ती बऱ्याच अंशी या शिकवणीच्या जोरावर. पण गंमत अशी की, याच मुलाला पुढे शाळा, कॉलेज, विद्यापीठ अशा पायऱ्या चढवून आपण तिशीपर्यंत नेतो, त्याच्यापुढे एक अर्ज ठेवतो आणि विचारतो, ‘तुमच्या बरोबरीच्या चारशे माणसांत आम्ही तुम्हालाच का निवडावे? चार माणसांचे पुढारपण करण्याची तुमची लायकी काय?’ मोठ्यांची कृपा हे उत्तर तेथे चालत नाही.

मी बोलतो आहे तो अर्ज साध्या नोकरीचा नव्हे. विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या मुलाचा रस्ता लांबचा असतो. एम. एस्सी. झाल्यावर कोणा मार्गदर्शकाच्या हाताखाली पाचसहा वर्षे काढून डॉक्टरेट मिळवायची. मग दुसऱ्या कोणाच्या प्रयोगशाळेत, बहुधा परमुलखात, आणखी काही वर्षे उमेदवारी करायची. या साऱ्या काळात कष्ट त्याचे असतात, पण प्रश्न दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा आणि चुकले तर दोषही थोडाफार दुसऱ्याचा. पुढे एक वेळ अशी येते की त्याने म्हणावे लागते, ‘आता मला माझा गट द्या.’ एक खोली, काही उपकरणे, तीनचार विद्यार्थी आणि साधारण पाच वर्षांचा खर्च, एवढी ही मागणी. भारत सरकारने २००८ साली सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमातही अशा तरुणांसाठी पाच वर्षांची एक योजना आहे आणि तिची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारासाठी ३२ वर्षांची ठेवलेली होती. म्हणजे ज्या वयात खेड्यातला मुलगा दोन लेकरांचा बाप होऊन वडिलांशी विहिरीच्या पाण्यावरून कुरकुर करू लागतो, नेमक्या त्याच वयात हा मुलगाही वेगळे निघण्याची गोष्ट काढतो.

केदारखेड्याला बसून असला विषय मला का सुचावा, असे वाचकांना वाटेल. आमच्या शिवारात कपाशी होते, मका होतो, पाऊस नीट झाला तर रब्बीचेही काही हाती लागते. संशोधनगट नावाचे पीक येथे कोणी घेत नाही. पण आमच्याच शाळेतून गेलेला एक मुलगा परदेशात मातीतल्या जिवाणूंवर काम करतो. गेल्या उन्हाळ्यात तो गावी आला होता तो हा अर्ज बरोबर घेऊनच. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि जरा कोड्यात पडल्यासारखे बसून राहिले.

‘‘गुरुजी, तिथं चांगलं हाय म्हणतो. साहेब बी देवमाणूस हाय म्हणतो. मग येगळं निघायचं कशापायी?’’

मी मला समजले तेवढे त्यांना सांगितले. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या माणसाने प्रयोगशाळेच्या गोष्टी किती सांगाव्यात! त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे वाटणीच मागतोय की.’’

हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वाटणी म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आठ एकरांचे चार-चार होतात, एका विहिरीला दोन मोटारी बसतात, पाण्याच्या पाळ्या पडतात आणि बांधावरच्या लिंबाची सावली कोणाची यावर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. वाटणीत नवे काहीच निर्माण होत नाही, असलेलेच चिरले जाते. म्हणूनच वेगळी चूल मागणाऱ्या मुलाकडे गाव जरा नाराजीने पाहते, आणि ती नाराजी सर्वस्वी अन्यायाची असते असे मला वाटत नाही.

मग हा मुलगाही गुरूच्या शेतातला तुकडाच मागतो आहे काय? नेमका हाच काटा त्याच्या मनात रुतलेला होता. संध्याकाळी तो आला तेव्हा म्हणाला, ‘‘सर, ज्या कल्पनेवर मी अर्ज लिहितोय ती निम्मी तरी आमच्या प्रोफेसरांशी बोलता बोलता सुचलेली आहे. तिला ‘माझी’ म्हणू का?’’ अर्जात असे स्पष्ट विचारलेले होते म्हणे, की तुमचे काम तुमच्या मार्गदर्शकाच्या कामाहून वेगळे कसे ते दाखवा. ज्याने हात धरून चालायला शिकवले त्याच्या बोटापासून आपले बोट वेगळे काढून दाखवायचे, तेही परीक्षकांसमक्ष. आपल्या गुरुपरंपरेत वाढलेल्या मुलाला यात कृतघ्नपणाचा वास आला तर त्याला हसू नये.

मला वाटते, येथे आपण ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. तंत्र या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थ माग, मागावर ताणलेले सूत असा आहे. तेव्हा शब्द थोडा ताणून असे म्हणता येईल की, ज्याचा माग स्वतःचा तो स्वतंत्र. सूत कोणी कातले, कापूस कोणाच्या रानातला, याची चौकशी तो शब्द करीत नाही. अमुक कल्पना कोणाशी बोलताना सुचली याचा हिशेब प्रामाणिकपणे सांगावा, आभार मानावेत. पण तेवढ्याने ती परक्याची ठरत नाही. कापड विणायला बसतो कोण, आणि धागा तुटला तर रात्री जागून जोडतो कोण, यावर ते ठरते.

या बाबतीत जयंत नारळीकरांचे उदाहरण मला फार विचार करण्यासारखे वाटते. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेला हा माणूस केंब्रिजला फ्रेड हॉएल यांचा विद्यार्थी झाला आणि १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघर पोचले. पुढे १९७२ साली ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेथे त्यांनी आपला गट उभा केला. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यातील ‘आयुका’ उभारण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. इतके स्वतंत्र झाल्यावरही विश्व एका महास्फोटातून जन्मले ही सर्वमान्य कल्पना त्यांनी कधी पूर्णपणे स्वीकारली नाही. तो संशय गुरूच्या घरचा होता आणि २०२५ च्या मे महिन्यात ते वारले तोवर त्यांनी तो जपला. पण त्यांचेच विद्यार्थी थाणू पद्मनाभन यांनी विश्वरचनेवरचे आपले काम मुख्यतः त्या सर्वमान्य चौकटीत राहूनच केले, आणि ते ‘आयुका’तच केले. गुरूच्या चुलीवर वेगळी भाजी शिजली आणि गुरूने ती शिजू दिली. वेगळे निघण्याविषयी बोलताना आपण नेहमी निघणाऱ्याच्या मनाचा विचार करतो. आपल्या घरात असा मतभेद नांदू देण्याची ताकद किती बापांत आणि किती गुरूंत असते, हाही एक प्रश्न आहेच.

आता अशा अर्जाची मला माहीत असलेली सर्वांत चांगली गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९६१ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे संमेलन भरले होते. तेथे चार तरुण भारतीय एकत्र आले: गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघेही परदेशात रेडिओ-खगोलशास्त्राचे काम करीत होते. हे शास्त्र म्हणजे आकाशातल्या तेजोगोलांकडून येणारे रेडिओ-तरंग टिपण्याचे शास्त्र. डोळ्यांना जे दिसत नाही ते अँटेनाला ऐकू येते, असे म्हणा ना! त्या चौघांनी भारतातल्या वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना एक पत्र लिहिले: आम्ही परत येऊन एकत्र काम करू, आम्हाला रेडिओ-खगोलशास्त्राचा गट उभारू द्या. स्वरूप त्या वेळी ३२ वर्षांचे होते. वर सांगितलेल्या वयोमर्यादेत अगदी काठावर बसले असते.

या पत्रात मला आवडते ती गोष्ट अशी की, ते ‘आम्ही’ म्हणून लिहिलेले होते. मी मोठा की तो मोठा, हा वाद मिटवूनच चौघांनी सह्या केल्या होत्या. पत्र ज्यांच्याकडे गेले त्यांत होमी भाभा होते. भाभांना अशा पत्राचा अर्थ समजायला वेळ लागला नसावा, कारण त्यांनी स्वतः मार्च १९४४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, सर दोराबजी टाटा ट्रस्टला असेच एक पत्र लिहिले होते आणि त्यातूनच पुढल्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मली होती. जानेवारी १९६२ मध्ये त्यांची तार गेली: गट स्थापन करण्याचे आम्ही ठरवले आहे, पत्र मागाहून येत आहे. एका तारेत काम झाले! आजच्या मुलांना हे ऐकून हेवा वाटेल. त्यांना सहा-सहा महिने निकालाची वाट पाहावी लागते.

स्वरूप १९६३ मध्ये मुंबईला आले. सिडनीहून भेट मिळालेल्या, सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ अँटेना काही वर्षे दिल्लीला पडून होत्या. त्या त्यांनी आणवल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ मांडून सूर्याचा वेध घ्यायला सुरुवात केली. पण ही अजून गुरूच्या घरची भांडीच होती. खरी वेगळी चूल पेटली ती उटीला. तेथे स्वरूप यांनी डोंगराचा असा एक उतार शोधला की, ज्याचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे अकरा अंशांचा, आहे. त्या उतारावर उत्तर-दक्षिण दिशेने ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बसवली. उतार अक्षांशाएवढा असल्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. त्यामुळे ती एकाच आसाभोवती हळूहळू फिरवली की आकाशातली वस्तू तासन् तास तिच्या टप्प्यात राहते. १९७० मध्ये ती काम करू लागली. आता पाहा, स्वरूप हे शास्त्र शिकले सिडनीला आणि कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला. सिडनीचा अक्षांश चौतीस, स्टॅनफर्डचा सदतीस. चौतीस अंशांच्या चढावर अर्धा किलोमीटर लांबीचे यंत्र कोण उभारणार? गुरूंचे सारे ज्ञान पदरी घेऊनही जे गुरूंच्या अंगणात करणे शक्यच नव्हते, ते या शिष्याने आपल्या मातीचा कल पाहून केले. हा मला त्या मुलाच्या प्रश्नाचा अर्धा जुना उलगडा वाटतो. आठ एकरांतले चार त्याने घेतले नाहीत. ज्या पडिकावर कोणाचे औत गेले नव्हते ते मोडून त्याने वहितीखाली आणले. बापाचे एक ढेकूळही कमी झाले नाही.

सगळ्यांनाच तार येते असे मात्र नाही. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत नुसता प्रवेश मागितला तर स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला. हटून बसल्यावर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर घेण्यात आले. त्याच बाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र त्यांनी उभे केले आणि तरीही संस्थेच्या प्रमुखपदासाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. आत्मस्तुती करू नये हे आपण सर्वांना शिकवतो खरे, पण काही जणांनी काहीच बोलले नाही तरी त्यांच्यासाठी दुसरे बोलणारे असतात. आणि काहींनी स्वतः तोंड उघडले नाही तर त्यांची दारे बंदच राहतात. त्यांच्या बाबतीत विनय हा गुण आहे की दुसऱ्यांची सोय आहे, हे मला ठरवता येत नाही. खेड्यातून गेलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाची गणती मी यांच्यातच करतो.

तेव्हा ‘मी’ लिहिण्यात पाप नाही, एवढे मला पटलेले आहे. माझी अडचण दुसरी आहे, आणि या अर्जांविषयी बोलणारी माणसे तिच्याबद्दल क्वचितच बोलतात.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरी लिहायला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. दोन वर्षे घालवून लिहिलेली कादंबरी फसली (आणि त्या फसतात) तर माझी दोन वर्षे गेली, प्रकाशकाचा कागद गेला, वाचकाची एक संध्याकाळ गेली. पण गटाचा पुढारी जो अंदाज बांधतो त्यावर तीनचार तरुण पोरे आपली पाच-पाच वर्षे लावतात. तेविशी-चोविशीचे वय असते ते. आईवडिलांनी कर्ज काढलेले असते, घरी लग्नाचे पाहायला सुरुवात झालेली असते. अंदाज खरा ठरला तर पुढाऱ्याचे नाव होते. खोटा ठरला तर पुढारी नवा अर्ज लिहू शकतो, पण त्या पोराला आपली चोविशी परत मागता येत नाही. मला लायकी आहे असे म्हणताना माणूस नुसती आपली किंमत सांगत नाही, तो दुसऱ्यांचे तारुण्य उसने मागत असतो. आणि ज्यांच्याकडून मागायचे ती माणसे अर्जाच्या वेळी समोर नसतात. त्यांची नावेही ठरलेली नसतात. अनुपस्थित माणसांच्या वतीने जामीन राहायचे कोणी?

पण म्हणून धंदाच करू नये असे म्हटले तर शेतकऱ्याला पेरणीसुद्धा करता येणार नाही. सोसायटीचे पीककर्ज काढताना तोही क्षेत्र लिहितो, पीक लिहितो आणि पावसाबद्दल काहीच लिहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीचे वचन देणे हे खोटे बोलणे नव्हे. माहीत नाही हे लपवणे मात्र खोटे. फरक पेरणाऱ्याच्या वागण्यात असतो. एक जण सारे रान एकाच बियाण्याखाली घालतो आणि पाऊस दडला की सालगड्याला शिव्या देतो. दुसरा कपाशीत तुरीच्या ओळी टाकतो. मुख्य पीक गेलेच तर माणसाच्या ताटात काही पडावे.

स्वरूप यांच्याच गटाचे पाहा. उटीनंतर त्यांनी विषुववृत्तावर एक प्रचंड दुर्बीण उभारण्याचा घाट घातला होता. केनिया, मग इंडोनेशिया अशा जागांचा विचार झाला, बरीच वर्षे खटपट चालली, आणि ती दुर्बीण झालीच नाही. चार माणसांचे कष्ट कागदावर राहिले. पत्रावर सही करणाऱ्या इतर तिघांपैकीही शेवटपर्यंत येथे कोणी राहिले नाही. परंतु १९६४ मध्ये अगदी कोवळ्या वयात या गटात आलेले विजय कपाही यांची वर्षे पाहिली म्हणजे वेगळे चित्र दिसते. ते गटाबरोबर वाढले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ-खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. न झालेल्या दुर्बिणीसाठी केलेल्या विचारांनी नवी वाट धरली, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण उभी राहिली. तिच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांच्या हलक्या जाळीच्या आहेत. वारा त्यांतून निघून जातो आणि खर्चही कमी लागतो. जुन्नर तालुक्यातला शेतकरी त्यांच्याकडे पाहत आपले टोमॅटो गाडीत भरतो. एक अंदाज फसला तेव्हा गटातल्या पोरांच्या हाती काही कसब उरले होते, म्हणून दुसरा साधला. कसब उरेल अशा बेताने काम वाटून देणे, हीच मला या पुढारपणाची नैतिक बाजू वाटते. शोध लागणे न लागणे हे बरेचसे पावसासारखे आहे.

हे सारे मी त्या मुलाला इतक्या शब्दांत सांगितले नाही. एवढेच विचारले, ‘‘तुझी कल्पना चुकीची निघाली, तर तुझ्याकडे आलेला पहिला पोरगा काय घेऊन घरी जाईल?’’

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाहीये.’’

‘‘नसेल.’’

दोन दिवसांनी त्याने मला दाखवले. पहिल्या विद्यार्थ्याला तो मराठवाड्यातल्या काळ्या मातीचे नमुने गोळा करून त्यांतल्या जिवाणूंची नोंद करण्याचे काम देणार होता. मुख्य कल्पना खरी ठरो की खोटी, ती नोंद कोणाच्या तरी उपयोगी पडणारच होती आणि त्यावर त्या विद्यार्थ्याची पदवीही होणार होती. तसे चार ओळींत त्याने अर्जात लिहिले. ‘मी’ हा शब्द त्याने काढला नाही, आणि प्रोफेसरांशी झालेल्या बोलण्याचा उल्लेखही ठेवला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याचे वडील पुन्हा आले. अर्ज गेला, निकाल दिवाळीनंतर लागेल, असे मी सांगितले.

‘‘आन् साहेब? साहेबांना राग आला नाही?’’

‘‘शिफारसपत्र साहेबांनीच लिहिलं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तशी रीतच आहे तिथली. ज्याच्याकडून वेगळं निघायचं त्याचाच कागद लागतो.’’

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. ‘‘आमच्या भावाभावांचा कागद व्हायला तहसिलात अकरा वर्षं गेली, गुरुजी,’’ ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायचे आहे म्हणून उठले.